ऑफ-रोड रेसला गाडी उतरवताय? फायर एक्स्टिंग्विशरचे नियम, लायसन आणि स्क्रुटिनीची कागदपत्रं

पुण्यात आमच्या ओळखीत जिप्सी नाहीतर थार रेससाठी तयार करणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांचं एकच, सस्पेन्शन टायर विंच यावर लाखांनी पैसे घालतील पण फायर एक्स्टिंग्विशरची आठवण येते ती निघायच्या आदल्या दिवशी, मग जी मिळेल ती अर्धा किलोची कारवाली बाटली उचलायची आणि सीटच्या मागे टाकायची. ती स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधी गाडी तपासतात त्यात, चालत नाही, आणि खरी आग लागली तर त्याहून चालत नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय.

आधी लायसन. एफएमएससीआय, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना, तिची मान्यता असलेला इव्हेंट असेल तर ड्रायव्हर आणि शेजारी बसून रस्ता सांगणारा नॅव्हिगेटर दोघांकडे त्यांचं कॉम्पिटिशन लायसन लागतं, फक्त आरटीओचं लायसन दाखवून भागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, वयाचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन आणि डॉक्टरचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट स्कॅन करून आधीच तयार ठेवा, ब्लड ग्रुप माहीत नसेल तर तपासून घ्या, आणि अठराच्या आतला असेल तर पालकांचं संमतीपत्र. मेडिकल शेवटी ठेवू नका, तिथेच लोकांचं अडतं.

त्यानंतर इव्हेंटची एंट्री. फॉर्म भरायच्या आधी त्या इव्हेंटचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे सगळे ज्याला एसआर म्हणतात, ते डाउनलोड करून सेफ्टीचं पान अख्खं वाचा. तुमच्या क्लासला हातातली बाटली पुरते की फिक्स सिस्टीम, म्हणजे गाडीतच कायमची बसवलेली आग विझवायची यंत्रणा, लागते ते तिथेच लिहिलेलं असतं आणि स्क्रुटिनीला तोच कागद शेवटचा. गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सोबत ठेवा. गाडी खूप मॉडिफाय केली असेल तर ती रस्त्याने चालवत नेऊ नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांना परवानगी देत नाही, सरळ फ्लॅटबेडवर टाका.

आता बाटली. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत रॅलीच्या गाड्यांसाठी आर्टिकल 253 आणि क्रॉस-कंट्रीसाठी 283 आहे, आपल्याकडचे नियम बऱ्यापैकी त्याच धर्तीवर असतात. हातातल्या एक्स्टिंग्विशरला पावडर असेल तर कमीत कमी 2 किलो, एएफएफएफ (पेट्रोलच्या आगीवर पातळ थर धरणारा) फोम असेल तर 2.4 लिटर. जुनी हॅलॉन गॅसवाली, बीसीएफ लिहिलेली बाटली कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती बंद आहे. आयएसआय मार्क म्हणजे आयएस 15683 बघूनच घ्या. प्रेशर गेज असलेलीच घ्या म्हणजे काटा हिरव्यात आहे का ते रोज नुसतं बघून कळतं. माझं स्वतःचं मत फोमकडे झुकतं, कारण पेट्रोलच्या आगीवर तो थर धरून बसतो आणि पावडर बंद केबिनमध्ये मारली की पुढचं काही दिसत नाही, श्वास कोंडतो, वर वायरिंगच्या कनेक्टरमध्ये जाऊन गंज धरते ते वेगळंच. पण पावडर स्वस्त आहे, कुठेही रिफिल होते, ती घेतली तरी काही चुकलं नाही.

बाटलीवर प्रकार, वजन किंवा लिटर आणि तपासणीची तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे. भरल्यापासून किंवा मागच्या तपासणीपासून दोन वर्षांच्या आत पुढची तपासणी, हा एफआयएचा नियम. वर्षातून एकदा करून घ्या असं मी सांगेन, कारण ऑफ-रोडला गाडी इतकी थरथरते की पावडर तळाशी दगडासारखी बसते आणि गेज हिरवं दाखवत असूनही दांडा दाबल्यावर नुसता गॅस फुस्स करून निघून जातो. महिन्यातून एकदा बाटली काढून उलटी करा आणि कानाशी धरून हलवा, आत पावडर सरकल्याचा आवाज आला पाहिजे.

रिफिलिंगला भोसरी-चिंचवडकडे एजन्सी मिळतात, शिवाय तुमच्या सोसायटीत जानेवारी-जुलैला इमारतीची आग विझवायची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, फॉर्म बी, देणारे जे लोक येतात त्यांच्यातले बरेच जण हेही काम करतात. फॉर्म बी मात्र इमारतीचा कागद आहे, गाडीला त्याचा उपयोग नाही, मी एकाला तो फाइलला लावून आलेला बघितलाय. तुम्हाला हवंय ते बिल आणि बाटलीवरचा टॅग, भरल्याची तारीख आणि पुढची तारीख दोन्ही घातलेला. टॅगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, चिखल-पाण्यात तो पुसला जातो.

सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या फिटिंगवर. बाटलीचं ब्रॅकेट कुठल्याही दिशेने 25 जी चा, म्हणजे बाटलीच्या वजनाच्या 25 पट, झटका सोसणारं पाहिजे. भरलेली 2 किलोची बाटली पत्र्यासकट साडेतीन-चार किलोची धरली तरी त्या क्षणी ती शंभर किलोच्या आसपास ओढ देते. त्यामुळे मेटलच्या पट्ट्या, कमीत कमी दोन, क्विक रिलीजवाल्या, आणि पुढे सटकू नये म्हणून अँटी-टॉर्पेडो टॅब. आमच्या एका मित्राने झिप टाय आणि प्लास्टिकच्या क्लिपवर बाटली लावली होती. स्क्रुटिनियरने (तपासणी करणाऱ्याने) काही बोलायच्या आत नुसती एका हाताने ओढली आणि ती हातात आली, मग रात्री साडेनऊला वेल्डर शोधत फिरलो आम्ही. रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या, पाइपला भोक पाडून ब्रॅकेट लावू नका, पाइप कमकुवत होतो, फ्लोअरला मागून प्लेट देऊन बोल्ट मारा. आणि जागा ठरवताना दोघांनी सीटवर बसून, बेल्ट पूर्ण आवळून, हेल्मेट घालून हात पोचतो का ते बघा. बेल्ट न लावता सगळ्यांचाच पोचतो.

फिक्स सिस्टीम असेल तर तिचा एक ट्रिगर आतून बेल्टमध्ये बसून दाबता यायला हवा आणि एक बाहेरून, बाहेरच्यावर लाल कडेच्या पांढऱ्या गोलात लाल इंग्रजी E, गोल कमीत कमी 10 सेंटीमीटरचा. गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या किल स्विचला निळा त्रिकोण आणि त्यात लाल विजेची खूण. हे स्टिकर शोभेचे नाहीत, तुम्ही आत बेशुद्ध असाल तर मदतीला धावणारा ट्रॅकवरचा मार्शल तेच शोधतो.

स्क्रुटिनीच्या दिवशी एका फाइलमध्ये लायसन, एंट्रीची पावती, गाडीचे कागद, रिफिलचं बिल आणि एसआरची प्रिंट ठेवा, हेल्मेट आणि बेल्टही बघतात. काही कमी निघालं तर हुज्जत घालू नका, सरळ विचारा किती वाजेपर्यंत परत दाखवता येईल.

आणि आग लागलीच तर आधी इंजिन आणि किल स्विच बंद, बाहेर पडा, बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकते, थोड्या फटीतून आगीच्या मुळाशी मारा. 2 किलोची बाटली दहा-बारा सेकंदांत संपते, त्यामुळे लांबून फवारून वाया घालवू नका. एकदा अर्धा सेकंद जरी दांडा दाबला असेल तरी ती बाटली परत लावू नका, व्हॉल्व्हच्या तोंडात पावडर अडकते आणि प्रेशर हळूहळू निघून जातं, ती रिफिलला द्या आणि गाडीत दुसरी लावूनच पुढच्या स्टेजला जा.