विश्रांती किती आणि भार किती

पाय मुरगळला की 'पडून राहा, अजिबात हलू नकोस' हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गुडघा कुरकुरायला लागला की 'आता चालणं कमी करा, जिने टाळा' हेही कुणीतरी सांगतंच. दोन्ही सल्ले काळजीपोटी दिलेले असतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांपुरते ते बरोबरही असतात. पंचाईत होते ती त्यानंतर. दोन दिवसांची विश्रांती दोन महिने चालते, दुखणं कमी होतं पण पायातली ताकदही जाते, आणि पुन्हा मैदानात उतरलेला माणूस आठवड्याभरात तीच जागा धरून परत येतो. क्रीडावैद्यकात काम करताना माझा सर्वांत जास्त वेळ हेच समजावण्यात जातो, की हाड, स्नायू, कंडरा, कूर्चा हे सगळं जिवंत आहे आणि भार पडला तरच ते भक्कम होतं. ठरवायचं असतं ते एवढंच, की तो भार किती द्यायचा आणि कधी वाढवायचा.

विश्रांतीचा पगडा बसायला एक सुटसुटीत सूत्रही कारणीभूत आहे. अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली ताज्या दुखापतीसाठी चार गोष्टी सांगितल्या: विश्रांती, बर्फ, बँडेजचा दाब आणि दुखरा भाग उंचावर ठेवणं. लक्षात ठेवायला सोपं, म्हणून ते जगभर पाठ झालं. २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. पस्तीसेक वर्षं ज्यांच्या नावावर एखादा सल्ला आहे त्यांनीच तो बदलावा, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यामागचं कारण असं: इजा झालेल्या जागी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, तुटलेले तंतू साफ करतात आणि नव्या बांधणीला चालना देणारी रसायनं सोडतात. सूज, उष्णता, ठणका ही त्याच कामाची लक्षणं. ती पार दडपून टाकली तर काम रखडतं. २०१९ मध्ये कॅनडातले फिजिओथेरपिस्ट ब्लेझ द्युब्वा आणि झाँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए यांनी जे नवं सूत्र मांडलं, त्यात बर्फही नाही आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्याही नाहीत. त्याऐवजी लवकर हालचाल, क्रमाने वाढता भार आणि रुग्णाची उमेद यांना जागा आहे.

माझं मत थोडं मधलं आहे. बर्फ वेदना बधिर करतो, पहिल्या रात्री झोप लागायला मदत करतो. तेवढ्यासाठी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. बर्फामुळे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, लवकर जुळेल अशी आशा मात्र ठेवू नये. आणि वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळायला उतरणं, हे मी कुणालाही कधीच करू देत नाही. दुखणं दबतं, इजा वाढत राहते, आणि अशा गोळ्यांची सवय लागली की जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

आता घोट्याकडे वळू, कारण खेळात सर्वाधिक जायबंदी होणाऱ्या सांध्यांत त्याचा नंबर फार वरचा आहे. पाऊल आत वळून मुरगळतं आणि बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे असलेला अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. सूज इतकी येते की हाड मोडलं असंच वाटतं. ते खरंच मोडलं आहे का, हे ओळखायची एक देखणी पद्धत कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. तिला यंत्र लागत नाही, अंगठा पुरतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची टोकं आणि तिथून वर सहा सेंटिमीटरपर्यंतची मागची कड दाबत जायची. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर हाताला लागणारं हाडाचं टोक. मग आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठे नेमकं हाडावरच दुखलं, किंवा इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. दाबताना मी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो. पुढच्या मऊ, सुजलेल्या भागावर बोट आलं की तो कण्हतो, आणि मागच्या कडेवर आलं की बहुतेकदा कपाळावरची आठी जाते. फक्त लहान मुलं आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली माणसं यांना हा नियम जसाच्या तसा लावू नये.

हाड शाबूत आहे म्हटल्यावर पुढे काय? बहुतेक घोट्यांना आधाराचा पट्टा बांधून, दुखेल तितपत जपत, एक-दोन दिवसांत चालायला लावलेलं बरं असतं. अगदी जोराने मुरगळलेला, पाऊलही टेकवत नाही असा घोटा असेल तर साधारण दहा दिवसांचं प्लास्टर फायद्याचं ठरतं, पण महिनाभराचं नव्हे. ज्या गोष्टीकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात ती मात्र वेगळीच आहे. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. अस्थिबंध फाटला की ही खबरही अडते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण पाऊल वाकडं पडतंय हे मेंदूला उशिरा कळतं आणि घोटा पुन्हा मुरगळतो. यावरचा इलाज साधा आहे: एका पायावर उभं राहायचं. आधी भिंतीजवळ, मग हात सोडून, मग डोळे मिटून. डोळे मिटले की दुखऱ्या आणि चांगल्या पायातला फरक काही सेकंदांतच कळतो. असा तोल सांभाळण्याचा सराव करणाऱ्यांचा घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरीही दुखणं थांबलं की हा सराव सुटतो.

भाराचं महत्त्व कंडरांइतकं कुठेच ठळक दिसत नाही. स्नायूला हाडाशी जोडणारी ही दोरी. टाचेच्या वर मागे हाताला लागते ती त्यांतली सर्वांत जाड. धावणाऱ्यांमध्ये ती सकाळी उठल्यावर आखडते, दुखते, कधी मध्यभागी गाठीसारखी जाड होते. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, पण त्यांचे वरिष्ठ तयार नव्हते. मग आल्फ्रेडसन यांनी ठरवलं, की एवढा व्यायाम करायचा की कंडरा तुटलीच पाहिजे, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल. कंडरा तुटली नाही, बरी झाली. त्यातून निघालेला व्यायाम त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत घ्यायची. १५ वेळा, असं तीनदा. मग गुडघा किंचित वाकवून तितकंच पुन्हा. दिवसातून दोन वेळा, १२ आठवडे. सोपं झालं की पाठीवर पिशवीत वजन घ्यायचं.

नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं, की जड वजनाने पण संथपणे, आठवड्यातून तीनच दिवस केलेला व्यायामही तितकाच गुण देतो. म्हणजे जादू त्या विशिष्ट हालचालीत नाही, कंडरेवर पडणाऱ्या नियमित भारात आहे. व्यायामानंतर पुढचे एक-दोन दिवस कंडरेत नव्या तंतूंची बांधणी वाढलेली असते, म्हणून जड व्यायामात मधला दिवस मोकळा ठेवण्यात अर्थ आहे. व्यायाम करताना थोडं दुखणारच, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी सोडून देतो. मी वापरतो ते माप असं: शून्य म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे सहन न होणारी वेदना धरली, तर ४-५ पर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. सकाळी जास्त ठणकलं तर भार कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.

इथे इंजेक्शनचा मोह येतो, विशेषतः कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की पहिले काही आठवडे फार बरं वाटतं. पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा, काहीही न करता थांबलेल्यांची स्थिती चांगली असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं. तातडीचा आराम आणि टिकणारा गुण यांतली निवड रुग्णाने हे माहीत असताना करावी, एवढंच माझं म्हणणं.

आता सांध्यांची झीज. गुडघ्याच्या हाडांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या चिकट द्रवातून होतं, आणि तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो ते दाब पडला आणि सुटला तरच, म्हणजे चालण्याने. गुडघा वाचवण्यासाठी चालणं बंद करणारा माणूस त्याच गुडघ्याचं पोषण कमी करत असतो. धावण्याने गुडघे जातात, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांमध्ये खुब्याची किंवा गुडघ्याची झीज आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात चांगले ते धावत राहतात, असंही यात असू शकतं, त्यामुळे धावण्यानेच झीज टळते असं मी म्हणणार नाही. पण बेताचं धावणं गुडघ्याला मारक नाही, हे नक्की. वजनाचा हिशेब मात्र सरळ आहे: शरीराचं वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसाची पावलं मोजली तर हा आकडा कुठल्या कुठे जातो. त्याच्या जोडीला मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवली, की झिजलेला गुडघाही बऱ्यापैकी निमूट काम करतो.

एमआरआयचा अहवाल हातात घेऊन घाबरून आलेली माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. अहवालात लिहिलेलं खोटं नसतं, पण त्याचा दुखण्याशी संबंध असेलच असं नाही. अमेरिकेत ५० ते ९० वयोगटातल्या सर्वसाधारण लोकांचे गुडघे एमआरआयवर पाहिले, तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांची गुडघ्यातली गादी फाटलेली होती, आणि त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात काही त्रासच झाला नव्हता. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी त्याहून धाडसी काम केलं. वयोमानाने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली आणि उरलेल्यांची फक्त केल्यासारखी दाखवली. गुडघ्यात दुर्बीण गेली, पण गादीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणून, गुडघा अडकत नसेल तर वयस्कर माणसाने फाटलेल्या गादीसाठी शस्त्रक्रियेची घाई करू नये. आधी तीन महिने मन लावून व्यायाम करून पाहावा.

तरुण खेळाडूचा गुडघा वळताना किंवा उडीवरून उतरताना 'कट्' असा आवाज झाला आणि काही तासांत टम्म सुजला, तर गोष्ट वेगळी. तो बहुतेकदा आतला पुढचा अस्थिबंध तुटल्याचा पुरावा असतो. शस्त्रक्रिया झाली तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. संघ वाट पाहत असतो, खेळाडू उतावीळ असतो, दुखत काहीच नसतं. तरीही नऊ महिने, आणि दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत, थांबायलाच हवं. प्रशिक्षकांनी याबाबत डॉक्टरवर दबाव आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

थांबायचं कुठे, हेही माहीत हवं. चिमटीत सापडेल एवढ्याच जागी, हाडावर दुखतंय आणि धावताना दर दिवशी लवकर सुरू होतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. पोटरीत मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर टाचेची कंडरा तुटलेली असू शकते. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी. सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. १० ते १६ वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणतं, लंगडतं, पाऊल बाहेर वळवून चालतं, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा दुखणं बऱ्याचदा खुब्यातलं असतं. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आपल्या जागेवरून सरकू शकतो, आणि खुब्याचा त्रास मज्जातंतूंच्या वाटेने गुडघ्यात जाणवतो. स्थूल मुलांमध्ये हे जास्त दिसतं. अशा मुलाला त्या पायावर चालू देऊ नये आणि डॉक्टरांना गुडघ्याबरोबर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगावा.