गाठ बांधता आली पाहिजे: कामगारांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत नव्या सुपरवायझरांना शिकवायला जाताना मी पिशवीत हातभर वायर ठेवतो. टांगत्या बल्बच्या होल्डरमध्ये इलेक्ट्रिशियन दोन तारांची एक गाठ मारतात. वायरला हिसका बसला तर ताण गाठीवर यावा, स्क्रूवर येऊ नये, एवढंच तिचं काम. एकाला पुढे बोलावून ही गाठ मी आधी नुसती तोंडी सांगतो: ही तार वरून घ्या, ती मागून फिरवा, टोक फासातून काढा. त्याला जमत नाही. मग तोंडातून अवाक्षर न काढता बांधून दाखवतो. तो माझ्यासमोर बसलेला, त्यामुळे त्याला सगळं उलटं दिसतं. तरीही जमत नाही. मग त्याला माझ्या शेजारी, एकाच बाजूला बसवतो. एकेक टप्पा दाखवत, कुठे हात चुकतो आणि का चुकतो ते सांगत जातो. मग वायर त्याच्या हातात देतो. चार-पाच मिनिटांत गाठ तयार होते.

ही पद्धत 1940 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या युद्धकालीन कार्यक्रमातली. अनुभवी कारागीर सैन्यात जाऊ लागले होते आणि कारखान्यात कधी पाऊल न टाकलेली माणसं मशीनवर उभी करायची होती. शिकवायला वेगळे मास्तर मिळणार नव्हते, म्हणून मुकादमालाच शिकवायला शिकवलं गेलं. पायऱ्या चार: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर त्याच्याकडे जाऊन पाहत राहा. त्यांचं मूळ आणखी मागे, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार शिकवणाऱ्या चार्ल्स ॲलन यांच्या पद्धतीत आहे. युद्ध संपेपर्यंत 16 हजारांहून अधिक कारखान्यांत हा कार्यक्रम पोहोचला. पुढे जपानने तो असा काही उचलला की तिथल्या कारखान्यांत तो मुरूनच गेला. त्याचं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही.

नागपूरला कामावर शिकण्याची ओळख मात्र त्याच्याही आधीची. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे तिथे सूत कातणारं, रिंग स्पिंडलसारखं त्या काळी नवखं यंत्र आलं. हिंदुस्थानात ते फारसं कोणी वापरत नव्हतं, म्हणजे जुन्या जाणत्यांनाही नव्याने हात बसवावा लागला असणार. त्या काळी देशभरच्या गिरण्यांत माणूस घडवायचा तो जॉबर. तोच भरती करायचा, तोच मशीनवर उभं करायचा, तोच चूक दाखवायचा. शिकणं खात्यातच, म्हणजे गिरणीच्या त्या त्या विभागातच, चालू मशीनशेजारी व्हायचं, आणि ही त्या पद्धतीची मोठी ताकद होती. पण सगळं ज्ञान एका माणसाच्या मुठीत राहायचं आणि त्याची किंमत मोजावी लागायची. जॉबर कामगारांकडून घेत असलेल्या दस्तुरीची, म्हणजे लाचेची, दखल कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या 1931 च्या अहवालानेही घेतली. एम्प्रेस मिल आता नाही, गांधीसागराजवळच्या तिच्या जागेवर मॉल आहे. पण ‘खात्यात शिकलेला माणूस’ हा शब्दप्रयोग जुन्या गिरणी कामगारांच्या घरांत अजून ऐकू येतो, तोही अभिमानाने.

यानंतरचं पाऊल खुद्द नागपुरातूनच पडलं आणि त्याची आठवण आपल्याच शहरात फारशी राहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. 1958 साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नागपूरला आलं. आर्वीत जन्मलेले कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांचं नाव आज या मंडळाला आहे. मंडळाची रचना तीन पायऱ्यांची होती. आधी शिक्षणाधिकारी तयार करायचे. त्यांनी कारखान्यांतून निवडून आलेल्या कामगारांना, कामावरून मोकळं करून, शिकवायचं. त्यातून तयार झालेले कामगार-शिक्षक आपल्याच कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. विषय कामगार संघटना, कायदे, हक्क, उत्पादकता असे होते, मशीन चालवण्याचे नव्हते. तरी मला यातली मधली पायरी, म्हणजे कामगार-शिक्षक, सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच पाळीत घाम गाळणारा माणूस शिकवायला उभा राहिला की समोरच्याला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. पॅम्प्लेटच्या भाषेत सांगितलेला कायदा तो आपल्या बोलीत, आपल्या खात्यातल्या उदाहरणासह सांगतो.

याच सुमारास शहरात आणखी एक परंपरा रुजत होती. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1957 साली रामपूरहून नागपूरला आलं आणि त्याच वर्षी पुढे नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्थाही इथे सुरू झाली. आगीशी झुंजणं नुसतं फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, तिथे शिडी, होज आणि धूर लागतोच.

प्रौढांच्या शिकण्याला स्वतंत्र विषय मानलं जाणं हे नंतरचं, तरी त्याची बीजं जुनी आहेत. 1926 साली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड लिंडमन यांनी मांडलं होतं की प्रौढ शिकणाऱ्याचा अनुभव हेच त्याचं जिवंत पुस्तक. 1968 साली तिथल्याच माल्कम नोल्स यांनी ‘अँड्रॅगॉजी’, म्हणजे प्रौढांना शिकवण्याचं शास्त्र, हा शब्द चर्चेत आणला. हा शब्द त्यांना युगोस्लाव्हियाच्या एका शिक्षणतज्ज्ञाकडून मिळाला होता, आणि 1833 साली जर्मनीत अलेक्झांडर काप यांनी तो आधीच वापरला होता. नोल्स यांचं म्हणणं असं: प्रौढाला आपण का शिकतोय हे कळायला हवं, तो सोबत अनुभव घेऊन येतो, आणि आज समोर असलेली अडचण सुटत असेल तर तो मन लावतो. 1959 मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण मोजण्याचे चार स्तर मांडले: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, परिणाम झाला का. आपल्याकडे बहुतेक मोजणी पहिल्या स्तरावर थांबते. शेवटी फॉर्म भरून घेतला की फाईल बंद.

कायद्यानेही दार उघडलं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात कलम 111-अ आलं. त्यानुसार आरोग्य आणि सुरक्षेसाठी कारखान्यात शक्य असेल तिथे प्रशिक्षण मिळण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. नागपूर परिसरातल्या कोळसा खाणींना तर 1966 च्या नियमांनी प्रशिक्षण बंधनकारक केलं होतं.

एवढ्या वारशानंतरही बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात मला दिसलं ते असं. रात्रपाळी संपवून आलेली तीस माणसं, थंडगार हॉल, भिंतीवर इंग्रजी स्लाइड, आणि कोणी डोळे मिटले तर दटावणारा अधिकारी. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. शेजारचा फिटर हळूच म्हणाला, “सर, मशीन आमच्या हातातली हाय, पण बोर्डावर तिचं नावच ओळखू येत नाही.” वीस वर्षं ज्या मशीनचा आवाज ऐकून तो बिघाड ओळखतो, तिच्याबद्दल त्याला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला आम्ही तेच सत्र मशीनशेजारी घेतलं. दोन तासांऐवजी पंचवीस मिनिटं, पाळी सुरू होताना. सुरुवात त्या फिटरनेच केली: मागच्या महिन्यात रोलरमध्ये कापड अडकलं तेव्हा हात कुठे गेला आणि कुठे जायला नको होता. मग दोघांनी मशीन बंद करून, कोणी ती चुकून चालू करू नये म्हणून लॉक लावून दाखवलं. मग प्रत्येकाने लावून पाहिलं. एका नव्या पोराने कुलूप लावलं, पण चावी तिथेच ठेवली. फिटरने ती उचलली, त्याच्या खिशात घातली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. नंतर जाऊन पाहत राहण्याची चौथी पायरी उरली होती, तीही त्यानेच घेतली. आठवडाभर पाळी संपताना तो त्या पोराच्या मशीनपाशी दोन मिनिटं थांबायचा.