आयईटीएफ की डब्ल्यूथ्रीसी? मुक्तस्रोत प्रकल्पाचा प्रश्न

मुक्तस्रोत (ओपन सोर्स) समुदायाने घडवलेल्या एखाद्या प्रोटोकॉलला, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांना, मानकाचा दर्जा मिळवायचा झाला की इंटरनेटची मानके ठरवणारी आयईटीएफ आणि वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही नावे एका दमात घेतली जातात, जणू कोणत्याही दाराने आत गेले तरी फरक पडत नाही. गल्लत होण्यासारखी कारणे आहेतच. ब्राउझरमधून थेट ऑडिओ-व्हिडिओ संभाषण शक्य करणाऱ्या वेबआरटीसीचेच पाहा: ब्राउझरमधला एपीआय, म्हणजे वेबपानाच्या कोडला ती सोय वापरू देणारा दुवा, डब्ल्यूथ्रीसीने ठरवला, जाळ्यावरून माहिती कशी जावी हे आयईटीएफने ठरवले, आणि दोन्हींचे दस्तऐवज जानेवारी २०२१ मध्ये एकत्रच जाहीर झाले.

१९८६ पासून भरणाऱ्या आयईटीएफला सदस्यत्वच नाही. तिथे माणूस व्यक्ती म्हणून भाग घेतो, मतदान होत नाही, आणि ढोबळ सहमती झाली की नाही हे अखेर ईमेल यादीवरच पक्के होते. १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेली डब्ल्यूथ्रीसी मात्र वर्गणी भरणाऱ्या संस्थांची आहे. तिच्या कार्यगटात सदस्य संस्थांचे प्रतिनिधी बसतात आणि बाहेरच्या जाणकाराला निमंत्रित तज्ज्ञ म्हणून यावे लागते.

एवढ्यावरून आयईटीएफ मुक्तस्रोताला अधिक जवळची वाटेल, पण माझ्या मते निर्णय पेटंटच्या कलमांवर व्हायला हवा. आयईटीएफमध्ये योगदान देणाऱ्याने आपल्या माहितीतल्या, स्वतःच्या किंवा आपल्या कंपनीच्या संबंधित पेटंटची वाच्यता करणे बंधनकारक आहे. ते विनामूल्य देण्याची सक्ती नाही. २००४ मध्ये ईमेल पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या सेंडर आयडीवर तिथे काम सुरू असताना, मायक्रोसॉफ्टच्या पेटंट परवान्याच्या अटी मुक्तस्रोत परवान्यांशी जुळत नाहीत म्हणून अपाची आणि डेबियन या दोन्ही मुक्तस्रोत प्रकल्पांनी ते राबवण्यास नकार दिला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये सहमतीअभावी तो कार्यगट बंद झाला. ज्या नियमांखाली हे घडले त्यांनी कुणाचीही फसवणूक केली नव्हती. त्यांनी फक्त माहिती दिली, संरक्षण दिले नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या २००४ पासूनच्या पेटंट धोरणानुसार मात्र कार्यगटातील सहभागींना मानकासाठी अत्यावश्यक असलेली आपली पेटंट रॉयल्टीविना वापरू द्यावी लागतात. ठरावीक मुदतीत एखादे पेटंट वगळण्याची सोय त्यात आहे आणि गटाबाहेरच्या पेटंटधारकावर ते लागू होत नाही, हेही विसरू नये.

वर्गणी न परवडणाऱ्या प्रकल्पाला डब्ल्यूथ्रीसीचे कम्युनिटी ग्रुप खुले आहेत. तिथे कोणीही शुल्काशिवाय येऊ शकते आणि आपल्या योगदानापुरती पेटंटची हमी देते; तिथला मसुदा मात्र मानक नसतो, त्यासाठी पुढे कार्यगट लागतो. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम ज्यावर चालते त्या ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलला जानेवारी २०१८ मध्ये शिफारशीचा, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीच्या मानकाचा, दर्जा मिळाला तो कार्यगटातूनच.

म्हणून जाळ्याच्या तळाशी काम करणारा प्रोटोकॉल असेल तर आयईटीएफकडेच जावे, पण मसुद्यावरच्या पेटंट-नोंदी आधी वाचून; आणि वेबवर चालणारी, ब्राउझरशी बोलणारी गोष्ट असेल तर कम्युनिटी ग्रुपपासून सुरुवात करून, कार्यगटात घेऊन जाईल असा एखादा सदस्य तेव्हापासूनच शोधायला लागावे.