'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर': एका आडनावाची अफवा आणि जाळायला काढलेला सिनेमा

२००० साली आलेल्या 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर'ची कल्पना भन्नाट म्हणून गाजली: १९२१ मध्ये 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाचं शूटिंग चालू आहे आणि त्यातल्या पिशाचाचं, काउंट ऑर्लॉकचं, काम करणारा नट खरोखरच रक्त पितो. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण या कल्पनेचं बी जुनंच. मूळ ऑर्लॉक झालेल्या माक्स श्रेक या नटाचं नाव म्हणजे बनाव आहे, अशी पुडी एका फ्रेंच पुस्तकाने १९५० च्या दशकातच सोडली होती. निमित्त आडनावाचं. जर्मनमध्ये 'श्रेक' म्हणजे धसका. पिशाचाचं काम करणाऱ्याचं आडनाव 'धसके', हे कुणाला खरं वाटणार? ते खरंच होतं. गृहस्थ बर्लिनमध्ये शिकले, म्युनिकच्या रंगभूमीवर राबले आणि १९३६ साली वारले.

अफवेला रान मोकळं मिळालं ते कोर्टामुळे: सिनेमाच धड बघायला मिळेना, तर काहीही खपतं. ४ मार्च १९२२ ला बर्लिनमध्ये 'नोस्फेरातू'चा पहिला खेळ झाला. श्रेयनामावलीत ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चं नाव उघड होतं, फक्त कादंबरीचे हक्क घ्यायचे राहिले होते. 'राहिले' हा माझा सौम्यपणा. बर्लिनहून कुणीतरी पाठवलेला कागद लंडनला लेखकाच्या विधवेच्या हाती पडला आणि तिने दावा लावला. निर्मिती कंपनी पहिल्याच सिनेमात बुडालेली, वसुली करायची कुणाकडून? शेवटी पैसे राहिले बाजूला, १९२५ मध्ये हुकूम मिळाला तो सगळ्या प्रती नष्ट करण्याचा. सिनेमावाले त्या बाईला आजही खलनायिका ठरवतात. नवऱ्याच्या पुस्तकावर दुसऱ्याने परस्पर तिकिटं विकली, तर तिने टाळ्या वाजवायच्या होत्या का?

परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, पण त्यांची पार रया गेली. कुठे पात्रांची नावं बदलली, कुठे रंग गेले. रंग जाण्याने फार घोटाळा केला. तेव्हाची फिल्म अंधारात निकामी, म्हणून बाहेरचे रात्रीचे प्रसंग भर उन्हात टिपायचे आणि प्रत निळ्या रंगात बुडवायची. निळा नसलेल्या कृष्णधवल प्रतीत ऑर्लॉक टळटळीत दुपारी काखेत शवपेटी मारून गावातून चालतो! त्यात उजेडाने पिशाच मरतं, ही युक्ती याच सिनेमाची. कादंबरीतला काउंट दिवसाही हिंडतो. जुन्या युनिटला ऊन हवं होतं, २००० मधल्या नटाला रात्रच लागते.

गंमत म्हणजे नवा सिनेमा ज्यांना मारतो ती माणसं खरोखरची, खऱ्या नावांनी. त्यातला निर्माता ऑर्लॉकच्या हातून मरतो. मूळ सिनेमाचे सेट, पोशाख आणि पोस्टर करणारा हा माणूस प्रत्यक्षात १९७१ पर्यंत जगला.