मुलांच्या हालचालींचे मापन : सेन्सर बांधण्यापूर्वी पालकांसाठी माहिती

आपल्या मुलाच्या कमरेला आठवडाभर जो लहानसा सेन्सर बांधायचा आहे, तो पावले मोजण्याचे यंत्र नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्याच्या आत त्वरणमापक असतो आणि शरीराच्या हालचालीचा वेग तीन दिशांना किती झपाट्याने बदलतो, याची नोंद तो सेकंदाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घेतो. टेबलावर नुसता पडून असला तरी गुरुत्वाकर्षणामुळे त्यात १ जी इतके त्वरण दिसते. तो भाग गाळून उरलेल्या हालचालीची बेरीज ‘काउंट’ या एककात केली जाते.

ही बेरीज किती सेकंदांची करायची, हा मुलांच्या बाबतीत सर्वांत नाजूक प्रश्न आहे. मोठी माणसे अर्धा तास एका लयीत चालतात. मुले मात्र चेंडूमागे धावतात, थबकतात, बुटाची नाडी बांधायला वाकतात आणि पुन्हा पळतात, आणि त्यांची जोरकस धाव बहुधा काही सेकंदांतच संपते. समजा, एका मिनिटात मूल १५ सेकंद धावले व १,४०० काउंट झाले, आणि उरलेल्या ४५ सेकंदांत ते उभे राहून एकूण ६० काउंट झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इव्हनसन मर्यादांनुसार १५ सेकंदांत २५ पर्यंत काउंट म्हणजे बैठी अवस्था, ५७३ पर्यंत हलकी हालचाल, १,००२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. १५-१५ सेकंदांचे तुकडे पाडले, तर ती धाव तीव्र हालचाल म्हणून नोंदली जाते. पूर्ण मिनिटाची सरासरी काढली, तर दर तुकड्याला ३६५ काउंट येतात आणि सबंध मिनिट ‘हलके’ ठरते, म्हणजे धाव अहवालातून नाहीशी होते. म्हणूनच आम्ही १५ सेकंदांचे तुकडे वापरतो. दुसरीकडून केलेल्या मोजणीशी आमचे आकडे ताडून पाहताना तिथे किती सेकंदांचे तुकडे आणि कोणत्या मर्यादा घेतल्या होत्या, हे अवश्य विचारावे. एरवी त्या तुलनेला आमच्या मते काहीच अर्थ नाही.

पट्टा उजव्या नितंबाच्या हाडावर, डुलणार नाही इतपत घट्ट बांधावा. मनगटावर बांधलेला सेन्सर मुले सहसा काढत नाहीत हे खरे. परंतु चित्र रंगवतानाचा हातही त्यात हालचाल म्हणून उतरतो आणि वरील मर्यादा मनगटाला लागू पडत नाहीत.

सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टा अंगावर असावा. अंघोळ व पोहणे यांच्या वेळी तो काढावा. सलग ६० मिनिटे शून्य नोंद आली, तर तेवढा वेळ पट्टा काढून ठेवला होता असे आम्ही धरतो, कारण टीव्हीसमोर बसलेले मूलही इतका वेळ निश्चल राहत नाही. किमान १० तासांची नोंद असलेला दिवसच हिशेबात घेतला जातो, आणि असे किमान ४ दिवस, त्यांत सुट्टीचा एक तरी, मिळाल्याशिवाय आम्ही सरासरी काढत नाही.

सायकल चालवताना कंबर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे ते श्रम सेन्सरला फारसे दिसत नाहीत. जड दप्तर घेऊन जिना चढण्याचे श्रमही तो कमीच दाखवतो. यासाठी सोबतच्या नोंदवहीत अशा वेळा लिहाव्यात. पट्टा धाकट्या भावंडाच्या किंवा घरच्या कुत्र्याच्या अंगावर गेला असेल, तर तेही न संकोचता लिहावे, कारण आलेख पाहून आम्हाला नुसती शंका येते, खात्री करता येत नाही.

अहवालात मध्यम व तीव्र हालचालीची रोजची मिनिटे स्वतंत्र दाखवलेली असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी या दोन्हींची बेरीज दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे असावी. ही सरासरी आठवड्याची असल्याने एखादा दिवस ४० मिनिटांचा निघाला, तर मुलाला त्यावरून बोलू नये. आठवडा संपेपर्यंत आकडे मुलाला न दाखवणेच आम्हाला योग्य वाटते, कारण आकडा पाहिला की काही मुले केवळ त्याच्यासाठी उड्या मारू लागतात आणि मग मोजणी नेहमीच्या दिवसांची राहत नाही.