आठचा बोल्ट आठच्या नटात का जात नाही?

लांबच्या सफरीसाठी मोटरसायकल घेतली की थोड्याच दिवसांत तिच्यावर क्रोम चढू लागतं. लेगगार्ड, मागचं कॅरिअर, आरशांचे दांडे, इंजिनावरची झाकणं. बाहेरून आणलेला हा माल बसवताना एक तक्रार हमखास ऐकू येते: बोल्ट दोन-तीन आटे आत जातो आणि अडकतो. "माल हलका आहे, माप चुकलंय" असं म्हणून मेकॅनिक लांब पाना काढतो आणि जोर लावतो. माप कधीकधी खरंच चुकलेलं असतं. पण पुष्कळदा प्लेटिंगच्या (विजेने धातूचा थर चढवण्याच्या) टाकीत उतरेपर्यंत ते अगदी बरोबर होतं. सणाआधी रंगाचे हात चढवलेली खिडकी चौकटीत अडकते, तसंच इथे घडतं. फक्त आट्यांवर ते चौपट घडतं, आणि हे चौपटीचं गणित फार सुंदर आहे.

आधी थराबद्दल. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोमियम नावापुरतंच असतं, साधारण 0.25 ते 0.5 मायक्रॉन. (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्याच्याखाली 10 ते 30 मायक्रॉन निकेल असतं आणि बऱ्याचदा त्याहीखाली तांबं. आरशासारखी चकाकी खरं तर निकेलची. क्रोमियम तिला निळसर झाक देतं, ओरखडे झेलतं आणि निकेल पिवळट पडू देत नाही. "ट्रिपल क्रोम" असं मोठ्या अक्षरांत छापून माल विकला जातो, तेव्हा क्रोमचे तीन थर कोणी दिलेले नसतात. तांबं, निकेल, क्रोम या नेहमीच्याच तीन धातूंना दिलेलं ते भारदस्त नाव असतं.

आता बोल्टचा एक आटा भिंगाखाली पाहा. त्याच्या दोन उतारांमधला कोन 60 अंशांचा, म्हणजे प्रत्येक उतार बोल्टच्या अक्षाशी 60 अंशांनी कललेला असतो. प्लेटिंगचा थर उताराला काटकोनात वाढतो. उतार कललेला असल्यामुळे, थराची जाडी 1 मायक्रॉन असेल तर अक्षापासून बाहेरच्या दिशेने तो 2 मायक्रॉन सरकतो (उतार आणि ही बाहेरची दिशा यांत 30 अंशांचा कोन असतो, म्हणून 1 भागिले साइन 30 अंश). बोल्टच्या समोरच्या बाजूलाही तेच होतं, म्हणून आट्यांच्या मध्यव्यासात 4 मायक्रॉनची भर पडते. आठ मिलिमीटरच्या, 1.25 पिचच्या (म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर असलेल्या) नेहमीच्या बोल्टला नटात फिरण्यासाठी प्रमाण मापात किमान 28 मायक्रॉन मोकळीक ठेवलेली असते. भागिले 4 केलं तर उरतात 7 मायक्रॉन. थर याहून जाड झाला की अडण्याची शक्यता सुरू होते, आणि आपल्या निकेलचा थर 20 मायक्रॉनचा असेल तर व्यास 80 मायक्रॉनने वाढलेला असतो!

त्यात भर विद्युतप्रवाहाची. टाकीतली वस्तू ऋणाग्र असते, आणि प्रवाह तिच्या टोकांवर, कडांवर दाटतो. जिथे प्रवाह जास्त, तिथे धातू जास्त. फॅरडेचा नियम शाळेत शिकलोच आहोत. त्यामुळे आट्याचा माथा फुगतो आणि खोबण उपाशी राहते. आट्यांच्या भोकातही तोंडाशी थर जाड बसतो, आत जवळजवळ पोचतच नाही. दोन-तीन आट्यांनंतर बोल्ट का अडतो, ते इथे कळतं.

उपाय साधा आहे. भोकात त्याच मापाचा, 8 बाय 1.25 चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हलक्या हाताने फिरवावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बोल्टवर डाय (बाहेरून आटे पाडायचं हत्यार) फिरवू नये, निकेल सोलून निघतं. बोल्टच बदलावा.

बदलावा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या क्रोमच्या टाकीत जेमतेम 10-20 टक्के प्रवाह क्रोमियम बसवतो. बाकीचा बहुतेक हायड्रोजन तयार करतो. हायड्रोजनचे अणू इतके लहान की पोलादात शिरतात. कठीण पोलादाचा बोल्ट, म्हणजे डोक्यावर 12.9 लिहिलेला, असा ठिसूळ झाला की आवळताना तुटत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, उभ्या गाडीवर, आपोआप तुटतो. गाडीला नजर लागली म्हणून हँडलला लिंबू-मिरची बांधली जाते. अडकलेला हायड्रोजन लिंबाने निघत नाही. तो काढायला प्लेटिंगनंतर लगेच 200 अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास भाजावं लागतं, आणि ते केलं की नाही हे दुकानात डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ब्रेकचे आणि चाकांचे बोल्ट चमकवायला कधीही देऊ नयेत.

भोकंच समोरासमोर येत नसतील तर तो प्लेटिंगचा दोष नाही. वाकवलेला पाइप थोडा परत उघडतो, वेल्डिंग थंड होताना ओढ देतं, आणि लेगगार्डचा पाय दोन मिलिमीटर बाजूला जातो. सगळे बोल्ट आधी सैल अडकवावेत, फट राहिली तर तिथे वायसर भरावा, मगच आवळावं. बोल्टच्या जोराने फट मिटवली की त्याचा ताण पाइप वाकवण्यातच खर्च होतो, पकड उरत नाही, आणि इंजिनाच्या थरथरीने तो सैल होतो.

कानस मारून भोक लांबवायचं असेल तर उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर लावा. निकेलच्या मोठ्या पृष्ठभागाला चिकटलेला लोखंडाचा लहानसा उघडा ठिपका खाऱ्या ओलाव्यात एकट्या लोखंडापेक्षा कितीतरी वेगाने गंजतो, कारण सगळ्या निकेलचा हिशोब तो एकटा चुकवत असतो. टॅप मारलेल्या आट्यांनाही हेच लागू आहे. तिथे ग्रीस भरा. पण ग्रीस लावल्यावर पान्याचा जोर थोडा कमी करा. एरवी आवळण्याचा सुमारे 90 टक्के जोर घर्षणात जातो. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.