विमानतळाच्या दारातून परत फिरावे लागू नये म्हणून: देशांतर्गत विमानप्रवासाची ओळखपत्रे, नावे आणि वेळा

पहिल्यांदा विमानाने जाणारी मंडळी तयारीचा बहुतेक वेळ बॅगा भरण्यात घालवतात आणि अडतात मात्र तिकिटावरच्या नावामुळे, नाहीतर घड्याळाच्या चुकलेल्या हिशेबामुळे. नातेवाइकांची व शेजाऱ्यांची तिकिटे काढून देताना जिथे लोक पुन्हापुन्हा अडताना पाहिले, त्या जागांवरच येथे भर दिला आहे. ही माहिती भारतातल्या भारतात होणाऱ्या प्रवासापुरती आहे.

विमानतळाच्या दारावर सुरक्षा दलाचा जवान दोनच गोष्टी पाहतो: तिकीट किंवा बोर्डिंग पास (विमानात चढण्याचा पास), आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड किंवा पासपोर्ट यांपैकी कोणतेही एक पुरते. अडचण येते ती ‘मूळ’ या शब्दावर. आधारची झेरॉक्स, मग ती लॅमिनेट केलेली का असेना, मूळ ठरत नाही. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला कार्डाचा फोटोही चालत नाही. मोबाइलवरचे एम-आधार (आधारचे सरकारी ॲप) चालते, परंतु ते त्या ॲपमध्ये उघडून दाखवावे लागते, आणि ॲप सुरू करण्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक हाताशी हवा. अनेक ज्येष्ठांचा जोडलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो व हे दारात उभे राहिल्यावर कळते, म्हणून ॲप घरीच उघडून पाहावे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी नियमात ‘गट अ’ राजपत्रित अधिकाऱ्याने लेटरहेडवर, साक्षांकित छायाचित्रासह दिलेल्या ओळखीच्या दाखल्याची सोय आहे. कागदावर ती उत्तम दिसते. ज्याच्याकडे साधे मतदार ओळखपत्र नाही त्याला ‘गट अ’ अधिकारी कुठे गाठायचा, हे मात्र नियम लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

आता नावाविषयी, कारण सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, कित्येकदा पहिले नावही बदलते. त्यामुळे एकाच बाईचे पॅन माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे आणि घरातले हाकेचे नाव तिसरेच, असा प्रकार सर्रास आढळतो. एका पहाटे विमानतळाच्या दारात एक काकू पिशवीतून आधार, पॅन, लग्नाची पत्रिका असे एकेक काढून जवानासमोर धरत होत्या, आणि तिकिटावर भाच्याने लिहिले होते ‘बेबी’. जवान सभ्य होता, पण पत्रिकेवरसुद्धा ‘बेबी’ नव्हते.

म्हणून तिकीट काढण्याआधी प्रवासात नेमके कोणते ओळखपत्र न्यायचे ते ठरवावे, ते समोर ठेवावे आणि त्यावरील इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. ‘दीपक’मध्ये दोन ‘ई’ आहेत की एक ‘आय’, हे आठवणीवर सोडू नये. एजंटला नाव फोनवर सांगू नये, कार्डाचा फोटो पाठवावा. मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे, गाळले गेले तर देशांतर्गत प्रवासात सहसा कोणी अडवत नाही. पहिले नाव किंवा आडनाव वेगळे असेल तर अडवतात. चूक झालीच, तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटाबाबत बुकिंगपासून २४ तासांच्या आत कळवल्यास त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीसाठी विमान कंपनीने जादा पैसे घेऊ नयेत, असा नियम आहे. तेव्हा तिकीट हाती येताच ते वाचावे, प्रवासाच्या आदल्या रात्री नव्हे. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला मात्र कोणत्याही परिस्थितीत जाता येत नाही. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारी मोबाइल ॲपची सोय, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे तिकिटावरील नाव आधारशी जुळावे लागते. ही सोय ऐच्छिक आहे आणि ती वापरली तरी मूळ ओळखपत्र खिशात असावेच.

दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन लागत नाही, परंतु त्याचेही तिकीट काढावे लागते आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ ठेवावा लागतो. वय प्रत्येक प्रवासाच्या तारखेला मोजले जाते. जाताना बाळ दोन वर्षांचे झालेले नाही, पण परतण्याआधी त्याचा वाढदिवस येतो, असे असेल तर परतीच्या तिकिटात त्याला आसन घ्यावे लागते. थोडे मोठे मूल असेल तर त्याचे व पालकांचे तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, काढावे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा २०२४ मधील आदेश एकाच पीएनआरवरील प्रवाशांना लागू होतो.

तिकिटावर शहराबरोबर विमानतळही वाचावा. मुंबईत सांताक्रूझकडचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ वेगवेगळे आहेत, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर त्याचा तीन अक्षरी संकेत ‘एनएमआय’ असतो आणि जुन्या विमानतळाचा ‘बीओएम’. गोव्यात दाबोळी ‘जीओआय’ आहे आणि मोपा ‘जीओएक्स’. दाबोळीच्या बाजूला, वास्कोजवळ राहणारा माणूस लांबच्या मोपाचे स्वस्त तिकीट पाहून खूश होतो आणि टॅक्सीचे भाडे ऐकून गप्प होतो.

तारखेची चूक याहून महाग पडते. १५ तारखेला ००:४० ला सुटणाऱ्या विमानासाठी १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोहोचावे लागते. १५ तारखेला जेवून, आवरून रात्री निघालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची समजूत काढणे अवघड असते, कारण तिकिटावर तर ‘१५’च छापलेले असते.

तिकिटावरची वेळ ही विमान सुटण्याची असते. सामान घेणारा काउंटर साधारण ६० मिनिटे आधी आणि बोर्डिंग गेट (विमानात चढण्याचे दार) साधारण २५ मिनिटे आधी बंद होते. आपल्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर पाहावी. वेब चेक-इन, म्हणजे घरूनच इंटरनेटवर बोर्डिंग पास काढणे, केले म्हणून उशिरा गेले तरी चालते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. बॅग द्यायची असेल तर वेब चेक-इननंतरही काउंटरची तीच मुदत पाळावी लागते. दोन तास आधी पोहोचावे.

ज्यांना व्हीलचेअर हवी आहे त्यांनी ती तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, नोंदवावी. गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांच्या दाखल्याची अट कितव्या आठवड्यापासून लागते, हे कंपनीनुसार बदलते; दाखला प्रवासाच्या अगदी जवळच्या तारखेचा घ्यावा.

सामानाची मर्यादा बहुधा हातातील ७ किलो आणि काउंटरवर देण्याची १५ किलो असते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. ती काउंटरवरच्या बॅगेत सापडली तर बॅग थांबते. १०० वॉट-अवरपर्यंतची (हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) चालते, म्हणजे २०,००० एमएएचची (सुमारे ७४ वॉट-अवर) नेता येते, तर ३०,०००ची (सुमारे १११) नेण्यासाठी कंपनीची परवानगी लागते. क्षमता पुसली गेलेली पॉवर बँक नेऊ नये. काडेपेटी व लायटर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. आणि सुक्या खोबऱ्याचे गोटे किंवा वाट्या लेकीसाठी बांधून नेऊ नयेत: तेलामुळे खोबरे ज्वलनशील मानले जाते, ते काढून घेतात, आणि तपासणीच्या टेबलावर त्या वाट्यांची रास बघत आईला पुढे जावे लागते.